गेन्कोला हरताही येईना

“असं ध्येय लिहितो, की माझी नातवंडंसुद्धा ते पुरं करू शकणार नाहीत!” गेन्को मनातल्या मनात म्हणाला. नातवंडं व्हायला आधी लग्न करावं लागतं, एवढा पुढचा विचार करायची त्याला सवय नव्हती.

लोवेच गावचा हा गेन्को. वय अडतीस, नोकरी दुकानदारांचे वजनकाटे तपासायच्या सरकारी कचेरीत, आणि साखरपुडा होऊन वर्षं झालेली नऊ. नऊ! तेवढ्यात झोर्नित्साच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, मोडलं आणि दुसरंही जमलं. गेन्कोचं मात्र पालुपद एकच: “एवढा डाव संपू दे, मग बघू.”

डाव म्हणजे संगणकावरचा, मध्ययुगातल्या राजघराण्यांचा. एक सरदार निवडायचा, त्याचं लग्न लावायचं, मुलुख मारायचा, तो मेला की त्याचा मुलगा होऊन पुढं खेळायचं. या खेळाला शेवटच नाही. कोणी येऊन “जिंकलास हो!” म्हणत नाही. ध्येय आपणच ठरवायचं आणि ते गाठलं की नाही हेही आपणच सांगायचं. जन्मात एक काम तडीस न नेणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचं काय असणार?

झोर्नित्सा गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून मरणाला हुलकावणी देणारी बाई, तिला गेन्कोची काय भीती! एका रविवारी ती लग्नाच्या कूमलाच घेऊन आली. कूम म्हणजे लग्नात जोडप्याच्या पाठीशी उभा राहणारा मानकरी. हा स्तामेन नोटरीकडे कारकून होता आणि त्यानं लग्नासाठी शिवलेला सूट आता त्याच्या पोटावर बसेनासा झाला होता.

“गेन्क्या, तुझा डाव संपतो कधी?” त्यानं विचारलं.

“तो संपत नसतो रे. ध्येय गाठलं की झालं.”

“मग ध्येय लिहून दे,” झोर्नित्सा म्हणाली. “ते गाठलंस की चाळीस दिवसांत लग्न. स्तामेन, कागद काढ.”

गेन्कोला हर्षवायू व्हायचाच बाकी होता! त्यानं ऐटीत सांगायला सुरुवात केली. कलम एक: एका फाटक्या खेडवळ सरदारापासून सुरुवात करून त्सारिग्रादच्या, म्हणजे सम्राटांच्या राजधानीच्या, सिंहासनावर बसायचं. कलम दोन: ओळीनं तीन पिढ्या बसायचं. कलम तीन: तिन्ही सम्राटांनी म्हातारपणी, आपापल्या अंथरुणात मरायचं. कलम चार: घराण्यातल्या एकाही नातलगाला मारायचं नाही. आणि यातलं एक जरी चुकलं तरी पुन्हा पहिल्यापासून!

“त्या काळात अंथरुणात कोणी मरत होतं का?” स्तामेननं काळजीनं विचारलं.

“तेच तर आव्हान आहे!” गेन्को छाती काढून म्हणाला.

झोर्नित्सानं शांतपणे पाचवं कलम घातलं: डाव स्वतःहून अर्धवट सोडला, तर जिंकला असं धरण्यात येईल. स्तामेननं तीन प्रतींवर शिक्के मारले. शिक्का बसला की आमच्याकडे थट्टेलाही कायद्याचं वजन येतं, हे गेन्को विसरला होता.

त्याला लग्न नको होतं असं नाही हो! त्याला काहीच नको होतं. लग्नानंतर सासरे मिन्कोंच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला जायचं होतं. मिन्को पहाटे पाचला उठून आलुबुखाराची बाग खणायचे आणि जो दिसेल त्याच्या हातात कुदळ द्यायचे. त्यापेक्षा आहे ते काय वाईट होतं? दर रविवारी झोर्नित्सा भरलेल्या मिरच्या घेऊन यायची, त्या खायच्या आणि सोमवारी राज्य करायचं.

आता फक्त हरायचं होतं आणि ते प्रामाणिकपणे हरल्यासारखं दिसायला हवं होतं, कारण झोर्नित्सा दर रविवारी डाव बघायची. पहिल्या सरदारासाठी त्यानं मुद्दाम हुंड्याविना एक विधवा राजकन्या आणली, सरदाराहून दहा वर्षांनी मोठी. एका वर्षात तिचे चार भाऊ गेले! एक साथीत, एक रानडुकराच्या पायी, एक जिन्यावरून पडून आणि चौथ्यानं संन्यास घेतला. सिंहासन आपसूक घरात आलं.

“वा!” झोर्नित्सा म्हणाली. “फार दूरचं बघितलंस.”

“हो ना,” गेन्को म्हणाला. आणि तो पुढच्या पिढीला बुडवायच्या बेताला लागला.

दुसऱ्या पिढीला त्यानं युवराज चक्क दरबारच्या विदूषकाकडं शिकायला ठेवला. पोरगं इतकं लाघवी निघालं की बंडाच्या तयारीत असलेले सरदार त्याच्या विनोदांवर हसून हसून घरी गेले. दोन्ही सम्राट सत्तरी ओलांडून अंथरुणात झोपल्या झोपल्या वारले. जित्या माणसाला एवढं नशीब मिळत नाही!

उरला तिसरा. अडुसष्ट वर्षांचा, संधिवातानं वाकलेला. तो अंथरुणात मेला की गेन्कोच्या हाती कुदळ. गेन्कोनं मग कलम चारच मोडायचं ठरवलं. सम्राटाच्या एका निरुपद्रवी म्हाताऱ्या काकावर त्यानं मारेकरी घातले. पहिला मारेकरी दारू पिऊन झोपला. दुसऱ्यानं काकाऐवजी काकाचा घोडा मारला. तिसरा काकाच्या प्रेमात पडून त्याच्याच पदरी नोकरीला राहिला. असे नऊ वेळा मारेकरी गेले आणि काका मात्र दिवसेंदिवस गुटगुटीत होत गेला!

अशात संत गेओर्गींचा सण आला, आणि गेन्को हे गेओर्गीचंच लाडाचं रूप, म्हणून तो त्याचा नामदिवस. त्या दिवशी कोणाला आमंत्रण देत नाहीत. ज्याला आठवण असेल तो येतो, आणि भाजलेलं कोकरू असलं की सगळ्यांनाच आठवण असते. त्यात स्तामेननं गावभर बोभाटा केलेला: “आज सम्राट जाणार!” घरात सत्तावीस माणसं जमली. स्तामेन शिक्का खिशात घालून आला होता. त्यानं गेन्कोचा लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडला.

“खेळ रे, लाजतोस काय!” मिन्को कोकराची तंगडी हातात घेऊन म्हणाले.

गेन्कोला दरदरून घाम फुटला. त्यानं शेवटचा डाव टाकला. संधिवाताच्या म्हाताऱ्याला घोड्यावर बसवून थेट आघाडीवर पाठवलं.

“अरे, हे काय?” झोर्नित्सानं विचारलं.

“सम्राटानं शौर्य दाखवायला नको?”

शत्रूच्या छावणीत हगवण लागली होती. म्हातारा पोचला तेव्हा समोर कोणीच नव्हतं. विजयी होऊन तो राजवाड्यात परतला, गरम सूप प्याला, पांघरूण ओढून घेतलं आणि पहाटे गेला! अंथरुणात. म्हातारपणानं. पायाशी कुत्रा झोपलेला.

घर दणाणून गेलं! कोणी गेन्कोला उचललं, कोणी नवऱ्या मुलीसाठी गाणं सुरू केलं. स्तामेननं रडत रडत कागदावर शिक्का मारला. “नऊ वर्षं, गेन्क्या! नऊ वर्षं मी जेवताना पट्टा सैल केला नाही!”

गेन्को कसनुसा हसत होता. आणि त्याच वेळी मोठ्या टीव्हीवर दिवंगत सम्राटाच्या आयुष्याचा गोषवारा आला. खेळाची ती पद्धतच आहे. मिन्कोंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला घेतलं.

“काकाच्या खुनाचा कट, फसला. काकाच्या खुनाचा कट, फसला. काकाच्या खुनाचा... अरे, केवढा नालायक सम्राट हा!”

सगळे खो खो हसले. झोर्नित्सा हसली नाही. तिनं हातातलं सॅलडचं भांडं खाली ठेवलं आणि पडद्याजवळ गेली.

“बाबा, सम्राट कोण होता?”

“कोण म्हणजे? हा काय...” मिन्को बोलता बोलता थांबले.

“नऊ कट,” ती गेन्कोकडं वळून म्हणाली. “कलम चार मोडायला.”

“अगं, गंमत! चुकून बटण दाबलं गेलं...”

“नऊ वेळा?”

“बोटं जाड आहेत माझी...”

“आणि आज त्या म्हाताऱ्याला लढाईवर धाडलंस, तेही बोटं जाड म्हणून?”

गेन्कोला पहिल्यांदाच तिचा चेहरा नीट दिसला. ती रागावलेली नव्हती. फार दमलेली होती. आणि त्याला एकदम, उघडउघड, पोटातून भीती वाटली की ही आता जाणार. बाग खणायला लागली तरी चालेल, पहाटे चारला उठू, पण ही जायला नको. हे सगळं तोंडानं सांगायचं होतं. तो म्हणाला, “तसा जिंकलो तर मीच ना!”

“हो, जिंकलास,” झोर्नित्सा म्हणाली. “हरायचं होतं तर मला सांगायचं होतंस, गेन्को. मी एका वाक्यात हरवलं असतं.” तिनं अंगठी काढून कोकराच्या ताटाशेजारी ठेवली, आपलं भांडं उचललं आणि गेली.

“मिन्कोकाका, तुम्ही तरी थांबवा तिला!” गेन्को रडकुंडीला आला.

“मी?” मिन्को ताट पुढं ओढत म्हणाले. “ती गेली ते बरोबरच केलं. पण त्यात कोकराचा काय दोष?” आणि त्यांनी दुसरी तंगडी घेतली. बाकीचे पंचवीस जणही जेवूनच गेले.

गेन्कोनं तो खेळ पुसून टाकला. खरंच! वहीत नवं ध्येय लिहिलं: झोर्नित्साला परत आणायचं. दीड महिन्यानं ते खोडून लिहिलं: झोर्नित्सानं फोन उचलावा. पानगळीच्या सुमारास तेही खोडलं. आता वहीत लिहिलेलं आहे: रस्त्यात मी दिसलो की झोर्नित्सानं पलीकडच्या फुटपाथवर जाऊ नये.

गेल्या मंगळवारी ती त्याच्या अगदी शेजारून गेली. एका नवशिक्याला ओरडून गाडी कशी लावायची ते सांगत होती, तिचं गेन्कोकडं लक्षही नव्हतं. गेन्कोनं घरी जाऊन वहीत त्या ओळीपुढं बरोबरची खूण केली आणि स्तामेनला फोन लावून विचारलं, “यावर शिक्का मिळेल का रे?”