मुदतीआधीची फेड

अमरावतीच्या नत्थुजी माळ्यांनी मळ्यातल्या विहिरीसाठी आपलं राहतं घर अकोल्याच्या एका पेढीकडे दहा सालांच्या मुदतीनं गहाण टाकलं, यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. मुदतीआधीच ते सोडवण्याचा विचार त्यांच्या बायकोच्या, तानुबाईंच्या डोक्यात आला आणि तिथून सगळं बिघडलं. सुभद्रेला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, हळद लागेल ती स्वतःच्या मोकळ्या घरात, असं तानुबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. सावकाराच्या घरात लेकीचं लग्न करायची त्यांना लाज वाटत होती. सुभद्रा तेव्हा सात वर्षांची होती, म्हणजे फार तर पाच वर्षं हाताशी होती.

दैव अनुकूल निघालं. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी वांगी उपटली, मेथी उपटली आणि जिथं माती दिसेल तिथं सरकी टोचली. दर्यापुराकडच्या एका पाटलानं तुळशीवृंदावनसुद्धा सोडलं नाही म्हणे. परिणामी मुलखात पैसा अतोनात झाला आणि भाजी नाहीशी झाली. नत्थुजी मुळातच आळशी असल्यामुळे त्यांच्या मळ्यात वांगी तशीच राहून गेली होती. गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवलेले कास्तकार आता त्यांच्या बांधावर येऊन पावशेर वांग्यांसाठी हात जोडू लागले.

घरखर्चाचा कारभार तानुबाईंनी हाती घेतला. फोडणी फक्त सणाला. एरवी शेजारच्या गंगूबाईंची फोडणी तडतडली की लगेच पाटावर बसायचं, म्हणजे वासाचा खर्च नाही. दिवा पाहुणा आला तरच लावायचा आणि पाहुण्याला दिवस मावळायच्या आत वाटेला लावायचं. घरची वांगी खायला सक्त मनाई होती, कारण एवढा महाग जिन्नस आपल्यासारख्यांनी खाणं बरं दिसत नाही, असं त्यांचं मत होतं. नत्थुजी मिरचीशी भाकर खात आणि वांग्यांकडे परक्याच्या सुनेकडे पाहावं तसं खाली मान घालून पाहत.

पहिल्याच दिवाळीला दुप्पट हप्ता घेऊन नत्थुजी अकोल्याला गेले, तेव्हा पेढीचे मुनीम देवीदास यांचा चेहरा उतरला. हप्ता चुकवणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. त्यांच्यासाठी नियम होते, शिव्या होत्या, वेळप्रसंगी दोन पैलवान होते. जास्त भरणाऱ्यासाठी पेढीत कसलीच तजवीज नव्हती.

"नत्थुजी, आमच्याशी काई बिनसलं काय तुमचं?"

"नाई जी. गहाण पाचव्या सालीच सोडवाव म्हंतो."

"मंग बाकीच्या सालाचं याज आमी कोणाले मागाव? तुमच्या सातव्या सालाच्या याजावर शेटजीनं पोट्टीचं लगन ठरवून ठेवलं हाय. तुमी पाचव्यातच फेडता म्हंता. तिनं काय घरातच बसाव काय?"

नत्थुजींना खरोखरच वाईट वाटलं. बरीच चर्चा होऊन पेढीनं ठराव केला, तो असा की, मुदतीपूर्वी रक्कम भरणाऱ्या ऋणकोने पेढीस झालेल्या मनस्तापापोटी दर भरण्यामागे 'घाईदंड' द्यावा. सदर घाईदंड तत्परतेने भरल्यास त्यावरही घाईदंड आकारण्यात येईल. तानुबाईंनी हे ऐकलं आणि मिरचीही बंद केली.

तरीही पाचव्या साली मुद्दल, व्याज आणि घाईदंड सगळं फिटलं. राहिली फक्त फारखत, म्हणजे कर्ज फिटल्याचा कागद. देवीदासांनी सांगितलं की फारखतीला दोन साक्षीदार लागतात आणि ते स्वतः कर्जमुक्त असावे लागतात. ज्यानं कर्ज फिटण्याचा अनुभव घेतलेला नाही त्याची याबाबतची साक्ष ऐकीव ठरते. नियमात बोट ठेवायला जागा नव्हती. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत तसा माणूस मात्र नव्हता. चांदीच्या धावांचे कास्तकार बाद झाले, कारण धावाच गहाण होत्या. एका बैराग्यावर मोठी भिस्त होती, पण त्याच्याकडे गांजावाल्याची बाकी निघाली. शेवटी तानुबाईंनी गल्लीतली सगळ्यांत कमी कर्जाची दोन माणसं निवडली, सुभद्रेच्या पैंजणांसाठी ठेवलेले पैसे घालून त्यांचं कर्ज फेडलं आणि त्यांना पेढीवर पाठवलं. दोघांनी अंगठे उठवले आणि उठता उठता तिथूनच नवं कर्ज काढलं. एवढ्या लांब आलोच आहोत तर रिकाम्या हातानं कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

घर मोकळं झालं. तानुबाई त्या दिवशी ओसरीवर बसून पोटभर रडल्या. संध्याकाळी वांग्याची भाजी केली, फोडणीसकट. नत्थुजींना ती बाधली, पण त्यांची तक्रार नव्हती.

महिन्याभरानं तिवस्याचे उत्तमराव आपल्या मुलासाठी सुभद्रेला पाहायला आले. अमेरिकेतली लढाई तोवर संपली होती आणि कापूस मातीमोल झाला होता, त्यामुळे कर्जात गळ्यापर्यंत बुडालेल्या उत्तमरावांचं महत्त्व फार वाढलं होतं. सावकार रोज त्यांच्या तब्येतीची चौकशी करत. त्यांना मुलगी पसंत पडली, विहीर पसंत पडली. मग घर कोणाकडे गहाण असतं, असं त्यांनी सहज विचारलं. नत्थुजींनी छाती काढून सांगितलं, कोणाकडेच नाही.

उत्तमरावांनी पाण्याचा लोटा खाली ठेवला. "कावून? कोणी घेत नाई काय?"

"सोडवलं जी. मुदतीच्या पयले."

"माह्या घरावर तीन सावकार हायेत. तिघायनं भिंती ठोकून पाह्यल्या, मंग पैसा लावला. तुमच्या घरावर कोणी दमडी लावत नाई, तं ते पक्क हाय हे मी कोणाच्या भरवशावर मानू? उद्या तुमी बुडले तं रडाले तरी कोण येईन?"

तानुबाई दाराआडून बाहेर आल्या. "पोट्टीच्या हळदीसाठीच तं सोडवलं ना, बाप्पा," त्या म्हणाल्या.

"मंग तिच्या हळदीसाठीच परत टाका. सोयऱ्यायले एका सावकाराचं नाव तं सांगता आलं पायजे."

नत्थुजी घर गहाण टाकायला पुन्हा अकोल्याला गेले, तेव्हा देवीदासांनी त्यांना गूळपाणी दिलं आणि शेठजी स्वतः गादीवरून उठून भेटायला आले. या खेपेला मुदत वीस सालांची होती. साक्षीदार कर्जबाजारी चालणार होते, त्यामुळे पेढीबाहेर रांग लागली. लग्न थाटात झालं. उत्तमरावांनी मांडवात सगळ्यांना पेढीचं नाव अभिमानानं सांगितलं, आणि तानुबाईंनी हळदीच्या हातांनीच डोळे पुसले. लेकीला पाठवताना डोळे भरून येतातच, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

वाचकहो, त्या काळच्या अडाणी लोकांना तुम्ही खुशाल हसा. मात्र ज्या घरात बसून हसता आहात त्याचे कागद कुणाच्या तिजोरीत आहेत, तेवढं एकदा पाहून या. आणि चुकून ते तुमच्याच कपाटात निघाले, तर कुठंही बोलू नका. आजच्या उत्तमरावांनाही तुमच्या नावावर एखादं तरी कर्ज दिसल्याशिवाय तुमचा भरवसा वाटत नाही.