खंडूअण्णांची तक्रारवही

खंडूअण्णांच्या मोटेलात सकाळच्या इडल्या फुकट असत, पण त्याआधी एक तक्रार लिहावी लागे. तक्रार म्हणजे खरीखुरी तक्रार. "उत्तम सोय", "मालक प्रेमळ" असलं काही लिहिलंत, की अण्णा वही तुमच्याकडे परत सरकवायचे आणि इडलीची ताटली स्वतःकडे ओढून घ्यायचे. "खोटं लिहून इडली खायची?" असं विचारायचे, आणि विचारताना चेहरा असा करायचे, की जणू तुम्ही देवळाबाहेरून कुणाची तरी चप्पल घालून आला आहात.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी पुण्याहून कानडी मुलखात, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत नोकरीला आलो होतो. जे. पी. नगरमधली भाड्याची जागा चार दिवसांत रिकामी होणार होती. तोपर्यंत राहायला कुणीतरी हे मोटेल सुचवलं. त्या चार दिवसांचे चार महिने झाले. जागा रिकामी झाली की नाही याची चौकशी मी पुढे पुढे फारशी केलीही नाही.

होसूर रस्ता सोडून आनेकलकडे वळलं, की नाचणीच्या शेताला लागून आठ खोल्यांची बैठी रांग दिसे. लॉज म्हटलं की लोक भलतासलता विचार करतात, म्हणून अण्णांनी पाटीवर 'मोटेल' लिहून घेतलं होतं. हा शब्द त्यांना कुठल्याशा इंग्रजी मासिकात सापडला होता. मोटारीनं येणाऱ्यांची उतरायची जागा, असा त्याचा अर्थ कळल्यावर त्यांनी समोर आठ मोटारींसाठी फरशी घातली. माझ्या चार महिन्यांत तिथे एकच मोटार आली, तीही बंद पडली म्हणून. बाकी पाहुणे बसनं यायचे, आणि फरशीवर मिरच्या वाळत असायच्या.

अण्णांचं घराणं मराठी. "राजांच्या फौजेबरोबर आलो आम्ही," ते सांगायचे. "साडेतीनशे वर्षं झाली. म्हणजे इथं आम्ही पण पाहुणेच की!" त्यांचं मराठी मात्र या साडेतीनशे वर्षांत बरंच फिरून आलं होतं. "स्वल्प थांबा", "सरी, सरी", "ऊट झालं का?" असं चालायचं. स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं आणि ऊट म्हणजे जेवण, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी मी फक्त घाबरलो.

अण्णांचा खरा राग होता तो 'परवागिल्ला' या शब्दावर. परवागिल्ला म्हणजे असू दे, चालायचंच. आनेकलच्या कचेरीत कामाला आलेले शेतकरी, रेशमाचे व्यापारी, औषध कंपन्यांचे फिरते विक्रेते, सगळे वहीत हेच लिहायचे. पंखा फिरत नाही? परवागिल्ला. गादीत ढेकूण? परवागिल्ला. "या गावाला तक्रार करायची अक्कलच नाही," असं म्हणत अण्णा हताशपणे वहीची पानं उलटायचे.

अशा माणसाच्या दारात मी पुण्याहून उतरलो. आंधळा मागतो एक डोळा, तसं त्यांचं झालं.

पहिल्याच सकाळी मी वही घेतली आणि अंक घालून सतरा तक्रारी लिहिल्या. अंघोळीचं पाणी कोमट. उशी दगडासारखी. खिडकीची कडी बाहेरच्या बाजूला. कोंबडा पहाटे चारला आरवतो आणि साडेचारला पुन्हा खात्री करून घेतो. अण्णा एकेक वाचत गेले आणि त्यांचा चेहरा खुलत गेला. सोळाव्या तक्रारीपर्यंत माझ्या ताटलीत दोनाच्या पाच इडल्या झाल्या होत्या. सतरावी तक्रार अशी होती: मालकांनी आपलं मराठी सुधारावं.

ती अण्णांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, "सरी. ही दुरुस्त व्हायला वेळ लागेल." आणि आत निघून गेले.

बाकीच्या सोळांची दुरुस्ती त्याच दिवशी सुरू झाली. दुसऱ्या सकाळी बादलीत असं कढत पाणी आलं, की मी ऑफिसला जाईपर्यंत त्यात बोट घालता आलं नाही. दाराबाहेरून अण्णा विचारत होते, "आता? आता कसं?" उशांसाठी ते स्वतः रोज दुपारी एकेका उशीवर झोपायला लागले आणि प्रत्येकीला शंभरपैकी गुण द्यायला लागले. चौदा उशा नापास झाल्या. कोंबडा त्यांनी पलीकडच्या मळ्यात पाठवला. त्याच आठवड्यात एका रेशीमवाल्यानं लिहिलं, की पहाटे जाग आली नाही आणि बस चुकली. झालं! कोंबडा सन्मानानं परत आला. एकदा एक नवपरिणीत जोडपं आलं. त्यांना काही केल्या तक्रार सुचेना. अण्णांनी त्यांना तशाच इडल्या दिल्या. मला म्हणाले, "त्यांना आत्ता काही दिसत नाही. पाच वर्षांनी बोलवतो."

सतराव्या तक्रारीचा विषय त्यांनी आठवड्याभरानं काढला. संध्याकाळी फरशीवरच्या मिरच्या गोळा करता करता त्यांनी सहज विचारलं, "पुणेकर, तुमच्याकडं सगळेच असं बारीक ऐकतात?"

"असं म्हणजे?"

"म्हणजे माणूस काय बोलतो ते सोडून, कसं बोलतो ते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अण्णांची बायको जाऊन आठ वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, इंदू. तिला इथल्याच मराठी घराण्यांतून दोन स्थळं आली होती. पण अण्णांनी हट्टानं पुण्याचं स्थळ पाहिलं. साडेतीनशे वर्षांनी घराण्यातलं कुणीतरी परत आपल्या मुलखात जातंय, याचा त्यांना केवढा अभिमान! लग्नात त्यांनी भाषणसुद्धा केलं होतं. त्याला आता पाच वर्षं झाली होती. पुण्याहून पत्रं कमी झाली. फोन येत, पण त्यात काही नसे.

"इंदू माझ्यासारखंच बोलते," अण्णा म्हणाले. "तिच्या सासरचे हसत असतील का हो तिला?"

पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'प्रामाणिक गेस्ट' अशी पदवी दिली होती. सोसायटीच्या जिन्यात 'चपला निट काढाव्यात' या पाटीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक लाल पेनानं दुरुस्त करणारी माणसं मी जवळून पाहिली होती. मी स्वतः त्यांच्यापैकीच एक होतो.

"छे हो," मी म्हणालो. "हसतील कशाला?"

अण्णांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मिरच्यांचं सूप उचलून आत नेलं.

त्यानंतर दर रविवारी ते मला आनेकल रस्त्यावरच्या एसटीडी बूथवर बरोबर न्यायला लागले. काचेच्या खोक्यात आम्ही दोघं खेटून उभे राहायचो. अण्णा रिसीव्हर माझ्याही कानाला लागेल असा धरायचे.

"कशी आहेस?"

"छान."

"जावई?"

"छान."

"तब्येत? सासूबाई? पाऊस?"

"सगळं छान आहे, अण्णा."

परत येताना अण्णा पुटपुटायचे, "पाऊस पण छान! इतकं छान कुठं असतं का?" आणि त्या दिवशी मोटेलात जो कुणी पाहुणा असेल त्याची धडगत नसे. बिचाऱ्याला दोन-दोन तक्रारी लिहाव्या लागत.

नवरात्राच्या आधी इंदू येणार असं पत्र आलं. चार दिवसांसाठी, एकटीच. अण्णांनी मोटेल डोक्यावर घेतलं. पाच नंबरची खोली रंगवली, पास झालेल्या दोन्ही उशा तिथे ठेवल्या. मला रोज संध्याकाळी त्या खोलीत उभं करून विचारायचे, "बघा, बघा, काय खोट आहे? लाजू नका." मी शोधून शोधून एक खिळा सांगितला. तो त्यांनी लगेच उपटला.

इंदू आली. तिशीच्या अलीकडची, अण्णांसारखीच उंच. अण्णा धावत पुढे झाले, "ये ये, ऊट झालं का?" ती वाकून नमस्कार करत म्हणाली, "हो, गाडीत जेवण झालं. प्रवासही अगदी सुखाचा झाला."

अण्णा जागच्या जागी थबकले. असं मराठी मी फक्त रेडिओच्या बातम्यांत ऐकलं होतं. प्रत्येक शब्द धुऊन, इस्त्री करून ठेवलेला. मग अण्णाही बिचारे सावरून उभे राहिले आणि म्हणाले, "आपण... तू विश्रांती घेतेस काय?" पुढचे तीन दिवस बापलेक असे बोलत होते, जसे बँकेच्या साहेबाशी आपण बोलतो. अण्णा एकही कानडी शब्द तोंडातून निसटू देत नव्हते. त्यामुळे त्यांना वाक्यच पुरं करता येत नव्हतं. माझी सतरावी तक्रार दूर झाली होती, आणि मला ते ऐकवत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं इडलीला बसलो. संध्याकाळच्या गाडीनं ती परत जाणार होती. अण्णांनी नेहमीसारखी वही पुढे केली.

"इथला नियम आहे," ते म्हणाले. "काहीतरी लिही."

इंदूनं हसून पेन घेतलं आणि लिहिलं: सगळं छान आहे.

अण्णांनी ते वाचलं. वही मिटली. आणि तिच्यासमोर इडल्यांची ताटली ठेवली.

खोटं लिहिलेलं अण्णांनी चालवून घेतल्याचं चार महिन्यांत मी एकदाही पाहिलं नव्हतं. हे मात्र मला सोसवेना. विचार न करता मी बोलून गेलो, "इंदूताई, मी इथे आलो त्या पहिल्या दिवशी या वहीत सतरा तक्रारी लिहिल्या. सतरावी तुमच्या वडिलांच्या मराठीबद्दल होती."

इंदूनं मान वर केली. "तुम्ही?"

"हो."

"त्यांच्या घरात राहून, त्यांच्या हातचं खाऊन, त्यांच्या बोलण्यावर हसलात?" तिचा आवाज चढला. "कुठले तुम्ही? पुण्याचेच ना? तरी म्हटलं! मी तोंड उघडलं की घरभर सगळे हातातलं काम थांबवतात. ऐकायला नाही, हसायला! आमटीला सारू म्हटलं की हसतात. स्वल्प म्हटलं की लहान पोरंसुद्धा माझी नक्कल करतात. पाहुणे आले की सासूबाई म्हणतात, हिला बोलायला लावा, मज्जा येते. नवरा चांगला आहे हो माझा, पण तोही हसतो! मी आता बोलायच्या आधी मनात वाक्य जुळवते, मग बोलते. भांडायचं झालं तरी आधी जुळवते. तोवर भांडण संपून जातं! पाच वर्षं मला धड भांडता आलं नाही!"

पाच वर्षांचं ते भांडण मी एकट्यानं ऐकून घेतलं. पुढे पुढे त्यात कानडी इतकं आलं, की निम्मं मला समजलं नाही. ते बरंच झालं.

ती दम घ्यायला थांबली, तेव्हा अण्णा हळूच म्हणाले, "आणखी?"

इंदूनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. "आणखी तुम्ही!" ती म्हणाली. "मोठं भाषण करून पाठवलंत आणि पाच वर्षांत एकदा आला नाहीत. दर वेळी काय, तर मोटेल कोण बघणार! लोकांना वाटतं मला माहेरच नाही."

अण्णांनी स्वतःची ताटली बाजूला सरकवली. "मोटेलचं खोटं होतं," ते म्हणाले. "मी आलो असतो तर बोलावं लागलं असतं की. मी बोललो असतो, मग तुला आणखी हसले असते. म्हणून नाही आलो. दोनदा तिकीट काढलं आणि परत केलं."

इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"इथंच राहतेस का?" अण्णांनी विचारलं. "पाच नंबर तुझीच आहे."

"नको. घर आहे माझं तिकडं." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुम्ही या माझ्याबरोबर. आजच. आणि तिथं येऊन असंच बोला, अगदी मोठ्यानं. मी एकटी पडते हो, अण्णा. दोघं असलो की त्यांना हसताना स्वल्प विचार करावा लागेल."

त्या दिवशी मोटेलात माझ्याशिवाय पाहुणा नव्हता. किल्ल्या माझ्या हातात देऊन अण्णा कपडे भरायला आत गेले. मी ऑफिसला दांडी मारली.

संध्याकाळी स्टेशनावर मी त्यांना बसवून द्यायला गेलो. डब्यात समोरच्या बाकावर पुण्याचं एक कुटुंब होतं. इस्त्रीचे कपडे, दुपारपासून न हललेली घडी. अण्णा नवी टोपी घालून खिडकीशी बसले होते आणि घशाशी आलेला शब्द परत परत गिळत होते. गाडी सुटायला दोन मिनिटं उरली. अखेर त्यांनी त्या कुटुंबाकडे वळून खणखणीत आवाजात सुरुवात केली, "नमस्कार! आम्ही इथलेच. ही आमची पोरगी. तुमच्या पुण्यात दिली की हो! तिच्या घरी चाललोय. स्वल्प उशीर झाला, पाच वर्षं."

समोरची बाई ओठ दाबून नवऱ्याकडे बघायला लागली. मी खिडकीच्या गजातून इंदूकडे पाहिलं. ती मान खाली घालेल असं मला वाटलं होतं. ती सरसावून पुढे झाली, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्याहूनही मोठ्या आवाजात त्या बाईला विचारलं, "ऊट झालं का तुमचं?"