मासा फक्त विकतच्या प्रतीत

जो माणूस एका वस्तूचे पैसे मोजतो तो ती वस्तू घरी नेऊन वापरतो, आणि जो महिन्याची वर्गणी भरून चारशे वस्तूंवर हक्क मिळवतो तो त्या चारशे वस्तूंची यादी वाचतो. यादी वाचून झाली की तो दमतो. उद्या निवांत बघू, असं म्हणून उठतो. व्यापारातलं हे सत्य नीट समजावं म्हणून फिनलंडातल्या तांपेरे गावच्या तायस्तो हापामाकीचं उदाहरण घेऊ. उदाहरण सोपं आहे. घाई मात्र करायची नाही.

जुन्या कापडगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर व्हिडिओ गेम बनवणारी एक छोटी कंपनी होती, आणि तायस्तो तिचा विक्रीप्रमुख होता. विक्री विभागात तो एकटाच असल्यामुळे प्रमुखपदासाठी चुरस नव्हती. वय एकसष्ट, पेन्शनला दोन वर्षं बाकी. कंपनीत आणखी दोघं होती: मालकीण हिल्क्का, आणि सगळा खेळ संगणकात उतरवणारा एमेली. एमेलीनं एका माशाचा एक डोळा रंगवायला चार महिने घेतले होते. दुसऱ्या डोळ्याला फक्त तीन लागले, कारण तोवर हात बसला होता.

कंपनीचा खेळ एकच, नाव ‘अवान्तो’. गोठलेल्या तळ्यावर जायचं, गिरमिटानं बर्फाला भोक पाडायचं, बादली उपडी घालून तिच्यावर बसायचं, हातभर काडीचा गळ भोकात सोडायचा आणि थांबायचं. दर अकरा मिनिटांनी मासा लागे. (खऱ्या तळ्यावर इतक्या लवकर लागत नाही, खेळ फार वेगवान आहे, अशी टीका एका वृत्तपत्रानं केली होती.) तळाशी एक म्हातारा हौकी मासा होता, तोच तो सात महिन्यांच्या डोळ्यांचा. तो नशीबवानाला लागे.

कंपनीत एक रिवाज होता. हजार प्रती विकल्या गेल्या की त्या शुक्रवारी केक-कॉफी. केक विक्रीप्रमुखानं स्वतः बेकरीतून आणायचा, स्वतः कापायचा आणि पहिला तुकडा स्वतः मात्र घ्यायचा नाही. पहिल्या वर्षी सहा केक झाले. दुसऱ्या वर्षी दोन. तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत हिल्क्कानं दोघांना सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, बोलावलं, आणि तायस्तोनं ओळखलं की बातमी वाईट आहे. गंभीर गोष्टी सौनातच बोलायच्या असतात, कारण अंगावर नुसता टॉवेल असलेला माणूस फारसं भांडू शकत नाही.

“तायस्तो, यंदा वर्षअखेरपर्यंत निदान एक केक झाला पाहिजे,” हिल्क्का म्हणाली.

“आणि नाही झाला तर?”

“तर विक्रीप्रमुख ठेवून मी करू काय?” तिनं तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं. “राग आला का रे?”

“वाफ आली,” तायस्तो म्हणाला.

त्याच सुमारास कंपनीचा खेळ एका वर्गणीसेवेत गेला. सेवेचं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. आपण तिला ‘भरलं ताट’ म्हणू. महिन्याला ठराविक रक्कम भरा आणि ताटातले चारशे खेळ हवे तेवढे खेळा, अशी योजना. सेवेतर्फे लंडनहून प्रूडन्स ऍशवर्थ नावाच्या बाई पडद्यावर आल्या आणि त्यांनी तीन आलेख दाखवले. पहिला वर जाणारा. दुसराही वर जाणारा. तिसरा आधी खाली आणि मग वर जाणारा.

“यातली विक्री कुठली?” तायस्तोनं विचारलं.

“तिन्ही,” बाई म्हणाल्या. “लोक फुकट चाखतील, आवडलं की विकत घेतील. वर्गणीनं विक्री कमी होत नाही, उलट वाढते.”

“ताट भरलेलं असताना पुन्हा तेच विकत कोण घेतं?”

“ज्याला आवडतं तो,” बाई हसून म्हणाल्या, आणि त्यांची पुढची बैठक सुरू झाली.

पहिल्या महिन्यात चार लाख लोकांनी ‘अवान्तो’ उघडला. विकल्या गेल्या दोन प्रती. एक घेणारा होता तुर्कू गावचा. त्यानं ती चुकून घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी परत केली. दुसरी घेतली तायस्तोच्या थोरल्या बहिणीनं, औलूच्या हेल्वीनं. वर्गणी म्हणजे दर महिन्याला येणारा पाहुणा, असं तिचं मत होतं.

चार लाखांचा तपशील असा: एकसष्ट टक्के लोक बर्फाला भोक पाडण्याआधीच परत गेले. बावीस टक्क्यांनी फक्त नाव वाचलं. नऊ टक्के बादलीवर बसले. उरलेल्या आठ टक्क्यांबद्दल सेवेचा अहवाल ‘सहभागी’ एवढंच म्हणतो. (ते काय करत होते हे कळलेलं नाही, पण ते सहभागी होते.)

केकचा प्रश्न उभा राहिला. चार लाख खेळाडू म्हणजे किती गिऱ्हाइकं? तिघांची समिती बसली. एक हजार खेळाडू बरोबर एक गिऱ्हाईक, असं तायस्तो म्हणाला. नुसतं डोकावणारा मोजायचा असेल तर बेकरीच्या काचेत डोकावणाऱ्यालाही केक खाल्लेला धरावा लागेल, असं हिल्क्का म्हणाली. शेवटी ठरलं, की एप्रिलपासून ज्या खेळाडूला निदान एक मासा लागेल तो अर्धं गिऱ्हाईक. ठराव तिघांनी सह्या करून भिंतीवर लावला.

मार्चमध्ये ऍशवर्थबाई पुन्हा पडद्यावर आल्या. ‘भरलं ताट’ खेळाचे पैसे मिनिटांवर देत असे आणि ‘अवान्तो’ची मिनिटं बाईंना कमी वाटत होती.

“मासा लागला की लोक खूश होतात,” त्या काळजीनं म्हणाल्या, “आणि खूश झाले की निघून जातात.”

“मग काय करायचं?” एमेलीनं विचारलं.

“जरा उशिरा खूश करा. अकरा मिनिटांऐवजी चाळीस.”

एमेलीनं दोन दिवस तोंड उघडलं नाही. (त्याच्या बाबतीत यावरून काही सिद्ध होत नाही.) मग त्यानं रकान्यातले अकरा खोडून चाळीस घातले. घालताना त्या रकान्याचं एकक बदललं गेलं आणि मिनिटांच्या जागी दिवस आले. म्हणजे मासा हवा असेल तर आता बादलीवर सलग चाळीस दिवस बसायला हवं होतं.

अशी चूक पकडण्यासाठीच चाचणी असते, आणि ती कसून झाली. तिघंही तीन आठवडे कामाच्या वेळेत गळ टाकून बसले. एकालाही मासा लागला नाही.

“आज लागत नाहीये,” हिल्क्का तिसऱ्या दिवशी म्हणाली.

“वारा पूर्वेचा आहे,” एमेली म्हणाला. खेळात वारा त्यानंच घातला होता.

“लागेल,” तायस्तो अकराव्या दिवशी म्हणाला.

तळ्यावर वाढलेल्या माणसांना मासा न लागणं ही चूक कशी वाटावी? चाचणीच्या अहवालात ‘अनुभव पूर्वीपेक्षा खरा’ असा शेरा पडला आणि नवी आवृत्ती ‘भरल्या ताटा’त गेली. दुकानातल्या विकतच्या प्रतीत बदल करायचं कुणाच्या मनात आलं नाही. ती घेणारंच कुणी नव्हतं.

मिनिटं चारावरून शहाण्णववर गेली. काही लोक मासा लागेल म्हणून बसून राहिले, काही खेळ चालू आहे हे विसरून बाजारात गेले. अहवाल या दोघांत फरक करत नाही. फिनलंडमधून एकही तक्रार आली नाही. ऑगस्टमध्ये ‘अवान्तो’ला ‘सर्वांत गुंतवून ठेवणारा खेळ’ हा पुरस्कार मिळाला. मासे पकडणारे खेळाडू मोजल्यावर आकडा शून्य आला, तेव्हा समितीनं त्यावर गंभीर चर्चा केली आणि परदेशी माणसाला धीर नसतो, असा निष्कर्ष काढला. शून्याचं अर्धं शून्य. केक नाही.

ऑक्टोबरअखेर वर्षाची विक्री एकशे अकरा होती. तायस्तो टेबलाचे खण हळूहळू रिकामे करू लागला. तेवढ्यात हेल्वीचा फोन आला.

“आज मला तीन लागले.”

“हो का.”

“हो का काय? दोन अहवेन मासे, आणि तिसरा हौकी! माझ्या हाताएवढा.”

तायस्तोनं फोन दुसऱ्या कानाला लावला. गळ टाकणाऱ्यानं सांगितलेला आकडा चारनं भागायचा आणि उरलेलं सोडून द्यायचं, असं त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. तीन भागिले चार म्हणजे एकही नाही. हिशोब जुळत होता.

“पोरा, तू मला खोटारडी समजतोस?”

“मी काही म्हणालो का?”

“तेच तर. तुझं काही न म्हणणं मी साठ वर्षं ऐकतेय. थांब, फोटो छापूनच आणते.”

आणि तिनं आणला. औलूच्या गळकरी मंडळाच्या पत्रिकेत तिचा फोटो आला. मंडळाचे सगळे सभासद ‘भरल्या ताटा’तून खेळत आणि सात महिने कुणालाच काही लागलं नव्हतं. एका सत्तर वर्षांच्या बाईला हौकी लागतो हे वाचून मंडळात नाराजी पसरली. चिटणीस रायनो यांनी तिला खोटं पाडायचं ठरवलं आणि स्वतःच्या खिशातले वीस युरो देऊन विकतची प्रत घेतली. अकराव्या मिनिटाला त्यांना मासा लागला.

रायनो यांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. चांगली जागा सापडली की ती सांगायची नसते. फक्त मेव्हण्याच्या कानात, शपथ घालून, तेवढं सांगितलं. मेव्हण्यानंही शपथ घालून दोघांना सांगितलं. जाहिरातीनं जे वर्षभर जमलं नव्हतं ते शपथेनं पाच आठवड्यांत केलं. डिसेंबरच्या बारा तारखेला विक्री आठशे चौसष्ट झाली, आणि तायस्तोनं सामान पुन्हा खणात ठेवलं.

त्याच संध्याकाळी एमेलीनं सौनाची वेळ मागितली. वरच्या बाकावर बसून तो टॉवेलाची दशी ओढत होता.

“चाळीस मिनिटं नव्हती,” तो म्हणाला. “चाळीस दिवस होते.”

हिल्क्कानं पळी खाली ठेवली. “म्हणजे आपण तीन आठवडे…”

“उगाच बसलो होतो.”

“छान गेले होते,” तायस्तो म्हणाला.

आता नीट लक्ष द्या. चूक दुरुस्त केली तर ताटातही मासा लागणार, विकत कुणी घेणार नाही, आणि तायस्तोची खुर्ची जाणार. दोघं त्याच्याकडे बघत होती. तायस्तोनं कपाळाचा घाम पुसला.

“लोक वर्गणी भरतात,” तो म्हणाला. “मासा त्यांचाही आहे. अर्ज पाठव, एमेली. आजच.”

अर्ज त्याच दिवशी गेला. सव्वीस डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीत, लंडनहून उत्तर आलं: दुरुस्तीची विनंती नामंजूर. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘चूक लोकप्रिय आहे.’ खाली बाईंनी प्रेमानं एक ओळ जोडली होती: तुमच्या विक्रीचा आलेख मी आता सगळ्यांना दाखवते, तो माझ्या तिसऱ्या आलेखासारखा, आधी खाली आणि मग वर जातो, वर्गणीनं विक्री वाढते हे सिद्ध झालं. बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. ताटात पदार्थ नसेल तर माणूस बाहेर जेवतोच.

एकोणतीस तारखेला हजारावी प्रत विकली गेली आणि शुक्रवारी केक आला. वर तीन मासे काढलेले, साखरेचे. (चारनं भागू नये, अशी बेकरीवाल्याला सूचना होती.) तायस्तोनं केक कापला आणि पहिला तुकडा एमेलीला दिला. त्या आनंदात एमेलीनं विकत घेणाऱ्यांची आकडेवारी उघडली. हजारातल्या आठशे सत्तेचाळीस जणांनी खेळ घेतल्यापासून एकदाही उघडला नव्हता. हातात मासेवालं तळं आलं होतं, मग घाई कसली? तेव्हा सुरुवातीला सांगितलेला नियम दुरुस्त करू: वर्गणीवाला यादी वाचून दमतो, आणि विकत घेणारा पावती बघून निवांत होतो.

“तायस्तो, तुला लागला का रे कधी हौकी?” एमेलीनं विचारलं. सात महिन्यांचे दोन डोळे त्याच्या मनातून गेले नव्हते.

“लागेल की,” तायस्तो म्हणाला. “माझी प्रत घेऊन ठेवलीये. पेन्शन सुरू झाली की उघडणार आहे.”

तुम्ही हसलात. आता जरा मान वळवून आपल्या कपाटाकडे बघा. त्या वरच्या कप्प्यात अजून न उघडलेली, कोऱ्या पाठीची किती पुस्तकं आहेत? मोजा, आम्ही थांबतो. आणि हे वर्गणीत वाचत असाल तर मोजायचेही कष्ट घेऊ नका. तुमची बारा मिनिटं नोंदली गेली आहेत. मध्येच उठून तुम्ही चहा टाकायला गेलात ना, ती चारही त्यात धरली आहेत. सहभागाबद्दल आभार.