दगडूमामांचा खडू

निजामाच्या अमदानीत हिंगोलीच्या एका जिनिंगमध्ये काम शिकायला आलेल्याला दगडूमामा मिस्त्री नाव विचारत नसत, गाव विचारत नसत. तळहातावर सरकी ठेवत आणि म्हणत, "चाव. आवाज सांग."

कट्ट वाजली तर कापूस वाळलेला, नुसती दबली तर ओला. आणि ओला कापूस यंत्राचा जीव खातो. मग दुसरा सवाल, "पट्टा सुटला. आधी काय करशील?" चढवीन म्हणणाऱ्याचे दोन्ही हात मामा एकदा नीट बघून घेत. "आधी हात मागं घ्यावा, लेका!"

एवढं झालं की हत्यारांच्या कपाटात डोकं घालून दाराला आतून खडूनं त्या माणसाचं भविष्य लिहीत. किल्ली कमरेला. हंगाम संपला की सगळ्यांदेखत वाचन. कळमनुरीच्या एका पैलवानापुढे 'सात दिसांत पळंल' लिहिलं होतं. तो आठव्या दिवशी पळाला, तर मामांना जेवण गेलं नाही. "एका दिसानं चुकलो!"

मी साखऱ्याहून गेलो. इंजिनावर घेतलं तर बारमाही काम, नाहीतर हंगामापुरती हमाली. सरकी मी बरोबर सांगितली. पट्ट्याचं मात्र बोलून बसलो, "आधी तुमाला हाक मारीन, मामा."

सगळे हसले. मामा माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. "अन् म्या न्हाई ऐकली तर?"

"तर येऊन खांद्याला हात लावीन."

त्या दिवशी मामा कपाटात बराच वेळ लिहीत होते.

महिनाभरात उलगडा झाला. बेअरिंग कोरडं पडून किंचाळत होतं आणि मामा शेजारीच तेलाची बुदली घेऊन निवांत उभे! मालकांना कळतं तर मामांना घरी बसवलं असतं. मी खांद्याला हात लावून बोट दाखवलं. मग ती रीतच पडली. समोरच्याचं बोलणं मामा ओठांवरनं ओळखत; मालक पाठीमागून बोलले की माझा हात मामांच्या खांद्यावर. हे बायकोलासुद्धा मी कधी सांगितलं नाही.

हंगाम संपला. सगळ्यांची भविष्यं मामांनी खणखणीत वाचली. माझ्यापाशी आल्यावर म्हणाले, "तुझं तूच वाच. मनात."

'माझे कान गेले ते याला कळंल. कुनाला सांगायचा न्हाई. यालाच शिकवायचं.'

मी दोनदा वाचलं. शाळेत कधी पहिला आलो नाही, इथं आलो होतो. मामांनी बाहीनं ती ओळ पुसून टाकली.

"काय मिस्त्री, याचं काय निघालं?" पाठीमागून मालकांनी विचारलं.

मी मामांच्या खांद्याला हात लावला. मामा वळले, मालकांनी पुन्हा विचारलं.

"बराबर निघालं, मालक. एका दिसानंबी चुकलो न्हाई."