औषधपंपाच्या पथकास सूट नाकारिली, ते प्रकरण

ऐकणारांनी नीट मांडी घालून बसावे आणि मधेच फोन चाळू नये. सूनबाईसाहेबांनी खुद्द नवऱ्याची मोहीम कशी रोखली, ते वर्तमान तपशीलवार लिहिते.

सॉफ्टवेअरच्या कचेरीत थोरल्या साहेबांचे फर्मान सुटले, की लहानथोर सर्व पथकांनी एकाच रीतीने काम करावे, रोज सकाळी उभ्याने बैठक भरवावी, आणि एकाने लिहिले ते दुसऱ्याने तपासून लेखी मंजुरी द्यावी. मग केकच्या दुकानाचे ॲप करणारे दोघेच शिलेदार, कोपरास कोपर लावून बसणारे, तेही रोज उठून समोरासमोर उभे राहात आणि एकमेकांस हकीकत कथीत आणि बटणाचा रंग बदलावयास परस्परांस अर्ज करीत. दुकानदार कावला. साहेब हबकले आणि उलटे फर्मान निघाले, की ज्यास जे रुचेल ते त्याने करावे.

तेव्हा आमचे चिरंजीव, रुग्णास थेंबथेंब औषध देणाऱ्या पंपाचे सॉफ्टवेअर करणाऱ्या पथकाचे सरदार, मुदत जवळ आली म्हणून त्यांनी तपासणीच छाटली. त्याच कचेरीत कामाच्या रीतीचा बंदोबस्त सूनबाईंकडे. त्यांनी हुकूम धाडिला, की बैठक सोडा, अर्ज सोडा, सूट जोखीम पाहून मिळेल; परंतु जेथे माणसाचा जीव गुंतला तेथे तपासणी सुटणार नाही. साहेबांनी बजाविले, पंपास उशीर जाहला तर सूनबाईंनी नोकरीवर पाणी सोडावे.

मग रणांगण जेवणाच्या मेजावर आले.

"आई, तू तरी सांग हिला. घरचाच आहे ना मी?"

"घरचा म्हणून ताट उचलायची सूट देते," सूनबाई म्हणाल्या. "तपासणीची नाही."

मातुश्रींनी, म्हणजे आम्हीच, आमटी वाढली आणि मुलाची बाजू घेतली नाही. चिरंजीव तणतणत गेले आणि तपासणी लाविली आणि तोंडघशी पडले: वीज जाऊन आली की पंप दिलेले औषध पुन्हा देत होता. रुग्ण दगावलाच असता. मग सारे पथक दुरुस्तीवर तुटून पडले आणि पंप मुदतीत रवाना जाहला.

साहेबांनी तिसरे फर्मान काढिले, की पाया सर्वांस एक, वरचे ज्याच्या त्याच्या जोखमीप्रमाणे. शब्द सूनबाईंचे, सही साहेबांची.

येणेप्रमाणे सूनबाईंची फत्ते जाहली. हार आमच्या पोटच्या गोळ्याची, तीही लपविली नाही. त्या हारीमुळे कोणाचे तरी माणूस दवाखान्यातून चालत घरी गेले असेल. एवढे मोल कोणत्या विजयास येते?