सासऱ्याचा कोट आणि इतर पाखरं

देवरावजी कोणाच्याही घरी गेले, की आधी माणसांकडं पाहत नसत. दिव्याभोवतीची भिंत पाहत. माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला वडनेरची मंडळी आली होती. आमच्याकडून कोणी वडीलधारं हवं, म्हणून मी त्यांना बोलावलं. पोहे आले, मुलगी आली, आणि देवरावजी खुर्चीवर चढून बल्बशेजारच्या एका मळकट पतंगाला भिंग लावून बसले.

"काय पाहून राह्यले जी?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"बसतो कसा, ते पाहून राह्यलो."

लग्न जमलं. इतक्या बारकाईनं पाहणारा माणूस ज्यांच्या ओळखीचा, ते घर खोटं नसणार, असं व्याह्यांना वाटलं म्हणे.

आम्ही दोघं आर्वीच्या मोजणी ऑफिसात होतो. साल अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी. आठवडाभर ते साखळी ओढत शेतं मोजायचे आणि शनिवारी दुपारी कारंजाच्या एसटीत बसून डोंगरात जायचे. एका पिशवीत गॅसबत्ती, दुसरीत पांढरं धोतर आणि लोणच्याच्या आठ-दहा रिकाम्या बरण्या. सागाच्या दोन झाडांना धोतर बांधायचं, मागं बत्ती ठेवायची आणि पाखरांची, म्हणजे पतंगांची, वाट पाहत बसायचं. कंडक्टर त्यांना लोणचं विकणारे समजायचा. देवरावजींनी कधी खुलासा केला नाही.

पंख पसरून बसणारे, कौलासारखे उतरते ठेवणारे आणि अंगाभोवती गुंडाळून घेणारे, असे पाखरांचे गट त्यांनी मला शिकवले होते. माणसंही त्यातून सुटत नसत. नवे साहेब रुजू झाले तेव्हा सगळं ऑफिस धास्तावलेलं. देवरावजी आत डोकावून आले आणि म्हणाले, "पसरून बसणारे हायेत. जास्त दिवस नाई टिकत." साहेब पाच महिन्यांत बदलून गेले.

मग देवरावजींनाच बढती आली, समुद्रपूरला. त्यांनी ती नाकारली. कारण विचारलं तर "तिथं सपाट हाय जी" एवढंच. आठवडाभर ऑफिस हसत होतं. मीही हसलो.

त्याच वर्षी नागपूरच्या एका कॉलेजातले प्राध्यापक आमच्या भागातल्या डोंगरांमधल्या पतंगांची पाहणी करायला आले. देवरावजींच्या रजिस्टरबद्दल त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. मी त्यांना घेऊन देवरावजींच्या घरी गेलो. रजिस्टर उघडलं आणि प्राध्यापकांना हसू आवरेना. नावांच्या रकान्यात लिहिलं होतं: जरीकाठ, ओला खडू, करपली भाकर, सासऱ्याचा कोट. पानं उलटता उलटता त्यांचं हसू थांबलं.

"हा खडू आणि ही भाकर एकाच जातीचे नर-मादी आहेत, असं लिहिलंय तुम्ही. दिसायला दोघांत काही साम्य नाही. आम्हाला हे यंदा कळलं. तुम्ही कुठं शिकलात?"

"मी नाई जी," देवरावजी म्हणाले. "मी फक्त आणतो."

आतल्या खोलीत खिडकीशी त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, पडून होत्या. सांध्यांच्या आजारानं त्या कित्येक वर्षं अंथरुणावर आहेत, एवढं मला ठाऊक होतं. उशाशी बरण्यांची ओळ होती आणि प्रत्येकीत एकेक पाखरू डुलकी घेत होतं. देवरावजी एकेक बरणी त्यांच्यासमोर धरून "दिसला का तुले?" विचारत. कोण कोणाच्या घरचं ते वहिनी ठरवत, नाव ठेवत, आणि दिवस कलला की देवरावजी झाकणं काढून बरण्या खिडकीत ठेवत.

"खडू अन् भाकर नवरा-बायको हायेत, हे कसं ओळखलं?" मी विचारलं.

"एका बरणीत ठेवले होते. तिनं हालचाल केली, का हा जागा होये." वहिनी हसल्या. "मी कुठी जाणार, भाऊ? शनिवारी हे जाते, आइतवारी डोंगर मायाकडे येते."

समुद्रपूरचं कोडं मला तेव्हा उलगडलं. हसल्याची लाज वाटली. प्राध्यापक मात्र खुर्ची ओढून संध्याकाळपर्यंत लिहून घेत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनी गेल्या. पावसाळा आला, डोंगर हिरवे झाले, तरी देवरावजी शनिवारचे घरीच बसून असायचे. श्रावण संपता संपता एकदा माझ्या टेबलाशी आले. "भाऊ, येता का संगं? लिहायले कोणी पायजे."

आम्ही गेलो. नुकतीच सर येऊन गेली होती. दिवेलागणीला धोतर उजळलं आणि सागाच्या मोठ्या पानांखालून पाखरं येऊ लागली. आवाज नाही, घाई नाही. झोपेत कुणाला जुनं काही आठवत जावं तशी एकेक. कापडावर टेकली की तिथंच विसावत. मी रजिस्टर मांडीवर घेतलं आणि पेन उघडलं. कोपऱ्यात टिकलीएवढं एक पाखरू बसलं होतं. देवरावजी त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"सांगा," मी म्हणालो.

"मातीचा रंग हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "वल्या मातीचा. कडेले जांभळी रेघ, पार बारीक. थांब, पंख हालवून राह्यला. हां. आता पाय. मधात पांढरा ठिपका हाय, दिसला का तुले?"

इतक्या वर्षांच्या ओळखीत ते मला कधी 'तू' म्हणाले नव्हते. मी पेनाचं टोपण लावलं आणि उजेडातून जरा बाजूला सरकलो.