थेंब थेंब नळ हा गळतो

"पाणी टाकीवरून येतं, की थेट लाईनवरून?" बाबाने फोनवर विचारलं.

पलीकडची मुलगी गडबडली. "सर, हा संगीत महोत्सव आहे."

"ते कळलं हो. पण माणसं येणार म्हणजे संडास लागणार. दिवसभर एवढ्या माणसांना पाणी पुरेल का, ते सांगा."

"विचारून सांगते सर. तोवर कलाकारांची नावं सांगू?"

"त्याची काही घाई नाही," बाबा म्हणाला.

बाबा धंद्याने प्लंबर होता, आणि घरात दोन लहान मुलं होती. अशा माणसाने महोत्सव निवडायला घेतला की तो याच क्रमाने निवडणार. मोठी पाच वर्षांची. ती जन्मल्यापासून घरावर हुकूम चालवत असल्यामुळे तिला सगळे ताईसाहेब म्हणत. धाकटा गोटू नुकता दोनाचा झाला होता. त्याला बोलता फारसं येत नव्हतं, पण रडता उत्तम येत होतं. तीन दिवस तंबूत राहायचा एक महोत्सव बाबाने आधीच बाद केला होता. दुसऱ्यात 'श्रोत्यांनी संपूर्ण शांतता राखावी' अशी अट होती, ती वाचून तो नुसता हसला होता. हा तिसरा मात्र एका दिवसाचा होता. तळ्याकाठी गवतावर बसायचं, झाडांची सावली, मुलांना मुक्त प्रवेश. पाण्याचा उलगडा झाला आणि मगच त्याने गाणारं कोण आहे ते पाहिलं.

ते नाव पाहून तो खुर्चीत ताठ बसला.

आईची आवडती गायिका येणार होती. ताईसाहेबांच्या जन्माआधीच्या वर्षी दोघांनी तिला ऐकलं होतं, आणि तिचं ते गाणं ऐकताना आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं होतं. पाणी गळतंय म्हटल्यावर बाबा त्या क्षणी प्रेमात पडला. त्यानंतर मुलं झाली आणि आईचं गाणं ऐकणं संपलं. दिवसभर ती गॅस कंपनीच्या तक्रार खिडकीवर लोकांचं ऐकायची, घरी आली की मुलांचं ऐकायची. स्वतःला हवं ते ऐकायला तिच्याकडे कान उरतच नसत.

"अगं, यंदा तू ते गाणं ऐकणार," बाबाने जाहीर केलं. "पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मधे कोणाला शू लागणार नाही, कोणाला भूक लागणार नाही. माझा शब्द!"

आई त्याच्याकडे बघून हसली. "शब्द नको देऊस. पेटी घरी ठेव, तेवढं पुरे."

"कुठली पेटी?"

"तुझी हत्यारांची. परवा बारशाला गेलो, तर अर्धा वेळ तू त्यांच्या मोरीत होतास. महोत्सवात तू फक्त बाबा. प्लंबर घरी."

बाबाने निमूटपणे मान हलवली.

आता ते गाणं घरात कसं नांदत होतं, तेही सांगायला हवं. मुलांना झोपवायचं काम बाबाकडे होतं. ताईसाहेब तान्ह्या असताना एकदा त्याला दुसरं काही सुचेना, म्हणून त्याने ते गाणं म्हणायला घेतलं. 'थेंब थेंब' एवढंच आठवलं. पुढचं त्याने आपल्या धंद्यातून भरलं आणि तेव्हापासून रोज रात्री घुमत राहिलं:

"थेंब थेंब नळ हा गळतो, बादली माझी भरू दे,
निजले सारे, वॉशर कुठे ते, सकाळी बघू, असू दे."

पहिल्या कडव्याला मुलं जांभया देत. दुसऱ्याला, मुलांच्या पलीकडे भिंतीकडे तोंड करून पडलेली आईसुद्धा गाढ झोपलेली असे. मग बाबा अंधारात जरा वेळ एकटाच बोलत बसे. दिवसभरात कोणी टोमणा मारला, काय चुकलं, कशाची भीती वाटते, असलं काहीबाही. आईचा आवडता निळा कप आपल्या हातून फुटला आणि आळ गोटूवर ढकलला, हेही त्याने एका रात्री असंच बोलून टाकलं होतं आणि हलका होऊन झोपला होता. झोपलेल्यांसमोर बोलायला भीती कसली? शिवाय घरात एक कायदा होता, आईनेच केलेला: झोपलेल्याला उठवायचं नाही. घराला आग लागली असेल तर गोष्ट वेगळी, पण आधी ती विझते का ते बघायचं.

महोत्सवाची सकाळ तर झकास गेली. पाइप न्यायच्या हातगाडीवर दोन्ही मुलं, सतरंजी आणि खाऊ लादून वरात मैदानात शिरली. मोठ्या आवाजाने कान दुखू नयेत म्हणून मुलांच्या कानांवर जाडजूड टोप्या घातल्या होत्या. त्यांचा एकच तोटा होता. त्या घातल्यावर ताईसाहेबांना आपला आवाज ऐकू येईना, म्हणून त्या साधं बोलणंही गर्जना करून बोलू लागल्या.

"आई! त्या काकांचं पोट ढोलाएवढं आहे!"

ढोल वाजवणाऱ्या काकांनी एक ठोका चुकवला. आईने घाईघाईने सगळ्या टोळीला दूरच्या झाडाखाली नेलं. तिथे गवतावर लोळणं झालं, फुलपाखराच्या मागे पळणं झालं, गोटू एका अनोळखी आजोबांच्या मांडीवर बसून त्यांची केळी खाऊन आला. आईच्या कपाळावरची आठी विरघळत गेली. ते बघून बाबाला फार बरं वाटलं.

दुपार कलली. गायिकेची वेळ जवळ आली.

"तुम्ही पुढे जागा धरा, मी बाटली भरून आलो," बाबा म्हणाला.

"फक्त बाटली," आई म्हणाली.

नळ मुलांच्या खेळायच्या जागेशेजारीच होता. बाबाने बाटली भरली, नळ बंद केला आणि निघाला. मागे आवाज आला: टप. बाबा थांबला. टप. त्याने स्वतःला बजावलं की आज आपण फक्त बाबा आहोत. टप. शेवटी त्याने मनाशी तडजोड केली. हत्यार कुठे वापरतोय? हातानेच जरासं आवळू.

त्याने जरासं आवळलं, आणि सगळा नळ मुळापासून निखळून हातात आला.

पाण्याची सोटासारखी धार उसळली ती थेट बाबाच्या तोंडावर. खेळणाऱ्या पोरांनी एकच जल्लोष केला. त्यांच्या मते आत्तापर्यंत महोत्सवात यासारखं काही झालंच नव्हतं. बघता बघता तिथे चिखल झाला आणि मैदानातली यच्चयावत पोरं त्यात उतरली. गलका ऐकून आई धावत आली, पण तिच्याआधी ताईसाहेब आणि गोटू पोचून चिखलात बसलेसुद्धा होते.

"फक्त बाटली म्हणाले होते ना मी?"

"बाटलीच भरत होतो गं!" बाबा दोन्ही अंगठ्यांनी पाइपचं तोंड दाबून उकिडवा बसला होता. "व्हॉल्व्ह कुठे आहे विचार!"

निळ्या सदऱ्यातल्या स्वयंसेवकाने विचारलं, "व्हॉल्व्ह म्हणजे काय?"

बाबाने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात मंचावरून घोषणा झाली आणि टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. ती आली होती.

"तू जा," बाबा म्हणाला. "मी बसतो असाच. गाणं संपेपर्यंत अंगठे टिकतील माझे."

"आणि हे दोन चिखलाचे गोळे?"

"त्यांना इथेच ठेव. जा गं! मी शब्द दिलाय तुला."

आई गेली नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर गोटूच्या मुठीवर स्थिरावली. मुठीत एक गाजर होतं, टोकाकडून अर्धवट कुरतडलेलं.

"गाजर!" आई ओरडली.

गाजर चपखल बसणार, हे दोघांना एकदमच कळलं. गोटूलाही कळलं असावं, कारण त्याने ते पाठीमागे लपवलं. मग विनवण्या झाल्या, आमिषं झाली, आणि अखेर ताईसाहेबांनी सरकारी बळ वापरून ते जप्त केलं. बाबाने गाजर पाइपात ठोकलं, आईने आपल्या वेणीची रिबीन सोडून वरून करकचून बांधली, आणि पाणी थांबलं. स्वयंसेवक "व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह" असं पुटपुटत कोणाला तरी शोधायला पळाला. गोटूने मात्र "गादल! गादल!" असा टाहो फोडला तो मंचापर्यंत सोडला नाही.

मंचापुढे मुंगीला शिरायला जागा नव्हती. पण ही चौघं दिसताच गर्दी दुभंगली. आदराने नव्हे, आपापल्या कपड्यांच्या काळजीने. अशा रीतीने चिखलाने माखलेलं हे कुटुंब सगळ्यांच्या पुढे, गायिकेच्या पायाशीच म्हणावं इतक्या जवळ जाऊन बसलं. गोटूचा आवाज हुंदक्यांवर आला. वाद्यं सुरू झाली. गायिकेने डोळे मिटले. तिचे केस आता पार पांढरे झाले होते. आईने बाबाचा ओला हात घट्ट धरला.

"थेंब थेंब चांदणं गळतं, ओंजळ माझी भरू दे..."

"चांदणं नाही! नळ!"

ताईसाहेबांनी एक कान उघडा केला होता. दुसरा झाकलेलाच असल्यामुळे आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. धरणीने पोटात घ्यावं असं बाबाला वाटलं. गायिका थांबली, वाद्यं थांबली.

"काय गं बाळ?"

"चांदणं नाही गळत. नळ गळतो. माझ्या बाबाला माहितीये, तो प्लंबर आहे!"

पाण्याचं कारंजं अर्ध्या मैदानाने पाहिलं होतं. हशाची लाट उठली. गायिकासुद्धा पोट धरून हसली.

"बरं. आणि ओंजळ?"

"बादली!"

गायिकेने मान डोलावली, वादकांना खूण केली आणि अगदी मन लावून ती ओळ गायली: "थेंब थेंब नळ हा गळतो, बादली माझी भरू दे..." मग तिने विचारलं, "जमलं?"

"हं. आता बरोबर," ताईसाहेब म्हणाल्या आणि बाबाच्या मांडीवर डोकं टेकून आडव्या झाल्या.

गायिकेने गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. पहिल्या कडव्याला ताईसाहेबांनी जांभई दिली. गोटूचे हुंदके लांबत लांबत घोरण्यात मिसळले. बाबाचा जीव भांड्यात पडला. आणि दुसऱ्या कडव्याला आईचं डोकं हळूच त्याच्या खांद्यावर कलंडलं.

बाबाने वळून पाहिलं. आईचे डोळे मिटलेले होते.

इतकी वर्षं तिने ज्या गाण्याची वाट पाहिली, ते समोर चालू होतं आणि ती झोपली होती. दोष कोणाचा? रोज रात्री या चालीवर तिला झोपायची सवय कोणी लावली? त्यानेच. उठवावं, तर कायदा. न उठवावं, तर शब्द. त्याने एकदा कोपर हलवलं आणि तिथेच थांबवलं. किती दमली असेल! शेवटी तिच्यासाठी एकच गोष्ट करता येण्यासारखी होती. त्याने श्वास रोखून ते गाणं ऐकलं, शब्द न् शब्द, ती नंतर विचारील तेव्हा सांगता यावं म्हणून. शेवटच्या ओळीला त्याचेच डोळे वाहू लागले, आणि पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

परतताना मुलं मोटारीत मागच्या सीटवर पसरली होती. आई मोकळे केस सावरत पुढे बसली होती.

"माफ कर," बाबा म्हणाला. "उठवायला हवं होतं मी. पण पाठ केलंय सगळं. खऱ्या शब्दांनी. म्हणून दाखवू?"

"कशाला? ऐकलंय की मी."

"किती? पहिलं कडवं?"

"सगळं. जागी होते मी."

बाबाने गाडी बाजूला घेऊन थांबवली. "डोळे मिटले होते तुझे!"

"मग काय उघडे ठेवू? माझे डोळे उघडे दिसले की ताईसाहेबांना तहान लागते, गोटूला शी होते आणि तुला पक्कड सापडत नाही. मिटलेले असले, तरच आईला काही ऐकायला मिळतं. कायदा उगाच नाही केला मी." आई हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "फार सुंदर गायली रे ती. आणि तू रडलास, तेही कळलं मला. खांदा हलत होता."

बाबाच्या डोक्यात एक नवीनच गळती सुरू झाली होती.

"म्हणजे... घरी, रात्री, मी गाणं म्हणतो तेव्हा..."

"जागीच असते."

"आणि गाणं संपल्यावर? मी ते काहीबाही बोलतो, ते?"

"तेही ऐकते. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायचे पैसे मिळतात मला. तुझ्या मी फुकट ऐकते, आवडतात म्हणून." तिने त्याच्या केसांतला वाळलेला चिखल नखाने काढला. "आणि निळा कप गोटूने फोडला नाही, हेही मला केव्हाचं माहीत आहे."

बाबाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मागे गोटू झोपेत "गादल" म्हणाला आणि कुशीवर वळला. बाबाने गाडी सुरू केली. थोडं अंतर गेल्यावर त्याने घसा खाकरला.

"मग आता कुठलं म्हणू? तिचं की माझं?"

"तुझं. नळाचं," आई म्हणाली. तिने सीटवर पाय वर घेतले, डोकं मागे टेकलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. "हं, म्हण. मी झोपलेय."